वजनकाकांचा पिकअप

वजनकाका माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचं वजन सांगायचे. मनातल्या मनात नव्हे, चारचौघांत, खणखणीत आवाजात. आम्ही शारजातल्या या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलो तेव्हा त्यांची माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, खांद्याला लॅपटॉप, केसांचा अवतार झालेला, आणि कोपऱ्यात उभे असलेले हे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणतात, "एकाहत्तर. पिशव्या नऊ. या, बसेल." मी जी भडकले! घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "शिरीष, या बिल्डिंगमध्ये एक आगाऊ म्हातारा आहे." सगळं ऐकून शिरीष हसायला लागला आणि वर विचारतो कसा, "पण आकडा बरोबर होता का?" बरोबर होता. रागाचं खरं कारण तेच होतं.

नंतर कळलं की काका लिफ्ट कंपनीत इंजिनिअर आहेत. उमेदवारी मुंबईत केली आणि बाकी सगळी नोकरी इथे, दुबई-शारजाच्या उंच इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात. लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी आधी वजन आणि मग माणूस. शेवटी बिल्डिंगमधल्या आम्ही मराठी बायका तक्रार घेऊन काकूंकडे गेलो, तेव्हा काकूंनी सगळ्यांसमोर त्यांना शपथ घातली. "पुरुषांना काय बोलायचं ते बोला. बायकांच्या वजनाचा आकडा यापुढे तुमच्या तोंडून येता कामा नये." त्या दिवसापासून लिफ्टमध्ये बाई आली की काका ओठ मिटून छताकडे बघायचे. पण भुवया हलायच्या हो! त्या भुवयांवरूनसुद्धा आम्हाला कळायचं आणि आम्ही नव्यानं चिडायचो.

चिडायचो, पण सुट्टीवर इंडियाला जायची वेळ आली की त्यांच्याच दाराशी उभ्या राहायचो. बॅग भरली की काकांकडे न्यायची, हा आमच्या बिल्डिंगचा रिवाज. काका एका हातानं बॅग जमिनीपासून वीतभर उचलायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "चोवीस तीनशे. खजूर कमी करा." घरोघरी वजनकाटे होते, पण त्यांच्यावर आमचा विश्वास नव्हता. एकदा शिरीष वाद घालायला लागला, की काका, आमच्या काट्यावर तेवीसच भरले. काका शांतपणे म्हणाले, "तुमचा काटा गालिच्यावर ठेवलाय. फरशीवर ठेवा." ठेवला. चोवीस तीनशे.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांच्यामुळेच घडली. काकू म्हणजे आमच्या सगळ्या कार्यक्रमांचं इंजिन. नोव्हेंबर उजाडला, हवा जरा माणसात आली, की त्या फोन फिरवायच्या, "काय गं, थंडी पडली, अजून घरात काय करताय?" मग शुक्रवारी तीन-चार गाड्या निघायच्या म्हल्याकडे... छे, आमची मनवा ऐकेल तर ओरडेल, "आई, इट्स म्लेहा!" तर म्लेहाच्या वाळवंटाकडे. डांबरी रस्ता संपतो तिथे गाड्या लावायच्या, सतरंज्या अंथरायच्या आणि काकू निखाऱ्यांवर वांगी लावायच्या. भरीत, भाकरी, गाणी, पत्ते. लहान मुलांपासून त्यांच्या आज्यांपर्यंत सगळ्यांना त्या खेळायला लावायच्या. परमुलखात आपलं गणगोत असं नसतंच, ते काकूंनी आम्हाला जमवून दिलं होतं.

मग त्यांचे गुडघे गेले. संधिवात होताच, ऑपरेशन झालं, पण व्हावं तसं झालं नाही. खाली बसणं बंद, उकिडवं बसणं तर बाजूलाच. वाळवंटात कुठलं आलंय बाथरूम! आम्ही बाया आपल्या एखाद्या झुडपामागे ओढण्या धरून भागवायचो. काकूंना ते जमेना आणि आमच्यापैकी कुणीतरी दर वेळी हात धरून उभं राहायचं, हे त्यांना सोसेना. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, बघू पुढच्या वेळी. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, तुम्ही मुलं मजा करा. त्यानंतर खाली बागेत येणंही बंद झालं. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा खिडकीकडे बघत म्हणाल्या, "अगं, मी आले की सगळ्यांना माझंच करत बसावं लागतं. ओझं होतं गं माणसाचं." मला एवढं वाईट वाटलं!

काकाही यायचे बंद झाले. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, मग नाशिकला जायचं हे ठरलेलं. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. छताकडे बघता बघता काका एकदम म्हणाले, "दोन हिवाळे राहिले आमचे. ते तिनं खिडकीत बसून काढायचे, हे मला नाही चालणार." आमचा मजला आला, दार उघडलं, आणि त्यांनी दाराला हात लावून मला पुढची बातमी दिली, "ट्रेलर घेतोय. आत पलंग, आत बाथरूम."

हमरियाच्या बाजूला एका यार्डात त्यांनी तो ट्रेलर बघून ठेवला होता. चाकांवरची खोलीच म्हणा. गाडीच्या मागे हुकाला अडकवायची आणि ओढत न्यायची. पण ओढणार कशानं? काकांची गाडी साधी सेडान. म्हणजे पिकअप हवा. झालं, बिल्डिंगभर चर्चा! आपल्याकडच्या माणसाला इथे पिकअप म्हटलं की पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या टाकणारा किंवा एसी दुरुस्तीवाला आठवतो. वॉचमन बशीरभाईंनी काळजीनं मलाच विचारलं, "मॅडम, अंकल का कंपनी का नौकरी गया क्या? पिकअप चलाएगा बोलता है." तिसऱ्या मजल्यावरच्या रेवतीच्या नवऱ्यानं सल्ला दिला की त्यापेक्षा माझ्यासारखी मोठी फोर बाय फोर घ्या, जरा शोभेल तरी. काकांनी एवढंच म्हटलं, "शोभेसाठी घेत नाहीये रे."

सेल्समन लोकांचा त्यांनी किती छळ केला, त्याला मी साक्षीदार आहे, कारण शनिवारी ते मला बरोबर न्यायचे. काकूंना यातलं अजून काही सांगितलं नव्हतं, बाकीच्यांनाही तशी ताकीद होती, आणि एकट्यानं गेलं की सेल्समन गुंडाळतात, असं त्यांचं मत. प्रत्येक ठिकाणी तेच. टाय लावलेला मुलगा बॉनेटवर हात ठेवून सांगायचा, "सर, थ्री टन आराम से खींचेगा." काका म्हणायचे, "खींचेगा बेटा, कोई भी खींचेगा. पीठ पर कितना लेगा वो बोलो." आणि उत्तराची वाट न बघता ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेली बारीक अक्षरांची पाटी वाचायला वाकायचे. त्यांनी मला समजावलं ते असं. ओढण्याचा आकडा जाहिरातीत असतो, पण पाठीवर घ्यायचा आकडा त्या पाटीवर असतो आणि तो फार लवकर संपतो. चालवणारा, बसणारे, सामान, सगळं त्यात आलं. शिवाय ट्रेलरचा पुढचा दांडा हुकावर टेकतो, त्याचा भार वेगळा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा. तो भार पुढे पडायलाच हवा, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवतो. "आणि शेपूट हलायला लागलं की मग ट्रेलर तुम्हाला नेतो, तुम्ही ट्रेलरला नेत नाही," काका म्हणाले.

म्हणून एके दिवशी संध्याकाळी काकांनी माझ्या हॉलमध्ये मीटिंग घेतली. कोण कोण गाडीत बसणार आणि कोण काय नेणार ते सांगा. बायकांचं वजन स्वतःच्या तोंडानं काढायची बंदी असल्यामुळे बिचारे म्हणाले, "आपापलं वजन आपणच सांगा." काय सांगू तुम्हाला, त्या खोलीत असं खोटं बोललं गेलं! मी पासष्ट सांगितलं. रेवतीनं अठ्ठावन्न सांगितलं, आणि सांगताना पोट आत ओढून धरलं. काकांच्या भुवया नुसत्या नाचत होत्या, पण त्यांनी निमूटपणे आकडे घेतले. मग सामान. मी म्हटलं, माझं काही नाही हो, थोडंसंच आहे. रेवती म्हणाली, माझंही थोडंसंच. काका म्हणाले, "थोडंसं म्हणजे काय?" आता याला काय उत्तर द्यायचं! थोडंसं म्हणजे थोडंसं. पाण्याचे कॅन, शेगडी, कोळशाची पोती, नारळ खवायची विळी, कॅरम बोर्ड, चकलीचा डबा, चिवड्याचा डबा, रेवतीचं बिर्याणीचं पातेलं आणि थंडी वाजली तर म्हणून रजया. काका ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या थोडंसंसाठी एक अख्खा पिकअप वेगळा लागेल."

तरी त्यांना तोडगा सापडला. अमेरिकन बनावटीचा एक मोठा पिकअप, वापरलेला, पण ठणठणीत. त्याच्या पाठीवर आमची खोटी वजनं, खरी वजनं आणि सगळ्यांचं थोडंसं आरामात मावत होतं. काका खूश. "यात खोटं बोलायलाही जागा आहे," मला म्हणाले. इसार द्यायच्या आधी त्यांनी काकूंना दाखवायचं ठरवलं. काकूंना पहिल्यांदाच सगळा बेत सांगितला. त्या कपाटातून ठेवणीतला ड्रेस काढून घालून आल्या. ते बघून मला कळलं की यायचं मन आहे.

शोरूमच्या आवारात तो पिकअप उभा होता. काळा, चकचकीत, आणि उंच. काकांनी दार उघडलं आणि काकूंनी वर बघितलं. पाय ठेवायची जागा त्यांच्या मांडीला लागत होती. त्यांनी एक पाय उचलून बघितला, तो अर्ध्यातच राहिला. सेल्समन पळत जाऊन प्लास्टिकचा क्रेट घेऊन आला. क्रेटवर उभ्या राहिल्या तर गुडघा पुढे वाकेना. मी मागून धरलं, काकांनी हात धरला, सेल्समननं दुसरा हात धरला, आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. काकूंचा चेहरा लाल झाला. "सोडा मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरी जाऊ या." काका तिथेच दाराला धरून उभे राहिले. इतके महिने सगळं मोजणारा माणूस, त्यानं पायरी मोजली नव्हती. परत येताना गाडीत काकू बाहेर बघत रडत होत्या आणि मी पुढच्या सीटवर बसून कशाला ही भानगड केली म्हणून देवाला बोल लावत होते.

मला वाटलं, संपलं. खलास. पण दोन-तीन दिवसांनी बशीरभाई परत काळजीत. "मॅडम, अंकल नीचे फूटपाथ नाप रहा है." बघते तर काका मापाची टेप घेऊन बिल्डिंगच्या दारासमोर उकिडवे बसलेले. दारातली एक पायरी काकू कठडा धरून रोज चढायच्या. ती पायरी मोजली, फूटपाथची कड मोजली, लिफ्टचा उंबरा मोजला, आणि त्यातून त्यांना एक आकडा मिळाला. एवढा पाय उचलता येतो, याच्या वर नाही. त्या शनिवारपासून आमची शोधयात्रा उलटी झाली. काका आता इंजिनकडे ढुंकून बघत नव्हते. थेट दाराशी जाऊन टेप लावायचे. एक सेल्समन तर दुखावलाच, "सर, इंजिन नहीं देखेंगे?" काका म्हणाले, "पहले पायदान, फिर इंजिन."

आणि काकू येणार नाहीत म्हणून त्यांच्या जागी चढून बघायचं काम कुणाकडे? माझ्याकडे! ऑफिसचे कपडे, पायात बूट, आणि काका मागून ओरडतायत, "गुडघा वाकवू नकोस! उजवा हात वर! तिथे धरायला काही आहे का बघ!" शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात निम्म्या लोकांनी मला लाकडासारखे ताठ पाय टाकत पिकअपमध्ये चढताना पाहिलंय. एक पठाण दुकानदार कळवळून म्हणाला, "बहनजी को डॉक्टर दिखाओ." पण त्यातूनच सापडला. मध्यम आकाराचा, पांढरा डबल कॅबिन, म्हणजे मागेही सीट असलेला, थोडासा बसका. आत चढताना धरायला खांबावर मूठ होती. पायरी नव्हती, पण बसवता आली असती. इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये गुहागरचा सदानंद नावाचा फिटर होता, त्यानं दोन्ही बाजूंना रुंद पायऱ्या बसवल्या, मागे हुक लावला आणि ट्रेलरच्या ब्रेकची वायर काढून दिली. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा, यावर काका अडूनच बसले होते. सदानंद सोनापूरला लेबर कॅम्पमध्ये राहायचा. काम करता करता म्हणाला, "काका, आमी कॅम्पातून सुटायला बगताव आणि तुमी गाडी घेऊन कॅम्पला चाललाव?" काका असे हसले की त्यांना खाली टायरवर बसावं लागलं.

गाडी घरी आली तेव्हा काकांनी ती मुद्दाम पायरी दारासमोर येईल अशी लावली. काकू खाली आल्या, त्याही माझ्या आग्रहाखातर. लांब उभ्या राहून बघत होत्या. काका त्यांच्याजवळ गेलेच नाहीत, उगाच टायर बघत बसले. मनवा म्हणाली, "आजी, इट्स ईझी, जस्ट होल्ड हिअर." काकूंनी मूठ धरली. पाय पायरीवर ठेवला. दुसरा ठेवला. आणि सीटवर जाऊन बसल्या. मला रडू आवरेना, मी तोंड फिरवून बशीरभाईंना पाण्याच्या बिलाबद्दल काहीतरी विचारलं. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, आरसा खाली करा जरा. केस विस्कटलेत माझे."

पण लहान गाडी म्हणजे पाठही लहान. काकांनी पुन्हा माझ्या हॉलमध्ये हिशेब मांडला. या वेळी काकूही होत्या, खुर्चीवर. हिशेब काही केल्या बसेना. बाथरूमवाला ट्रेलर घेतला तर माणसं बसत नाहीत, माणसं घेतली तर बाथरूमवाला ट्रेलर ओढवत नाही. आणि काकू अगदी सहज, चहा नको म्हणावं तसं म्हणाल्या, "मग मलाच वगळा की. माझं ओझं तेवढं कमी होईल."

माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "काकू, तुम्ही गप्प बसा. काका, माझं वजन लिहा. शहात्तर." शिरीष माझ्याकडे बघतच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला हा आकडा पहिल्यांदा कळत होता. काकांच्या भुवया वर गेल्या. "काय? बोला, आज शपथ माफ," मी म्हटलं. काका घाबरत म्हणाले, "सत्त्याहत्तर." सत्त्याहत्तर तर सत्त्याहत्तर! मग रेवती उठली. "माझं अठ्ठावन्न नाही, अडुसष्ट आहे," तिनं एका दमात सांगितलं आणि पोट सोडलं. त्यापाठोपाठ प्रत्येकीच्या थोडंसंची वजनं बाहेर आली. ते पातेलं, ती विळी, तो कॅरम, पाण्याचे कॅन. काकांनी ते सगळं एका बाजूला मांडलं आणि काकूंकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांना मी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "सुलभा, हे बघ. यांचं थोडंसंच मिळून दोनशेच्या वर गेलंय. तू अठ्ठेचाळीस आहेस. या गाडीत सगळ्यांत हलकी तू आहेस. हिशेब तुझ्यामुळे बिघडलेला नाही, कॅरम बोर्डमुळे बिघडलाय." काकू आधी हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. मग भराभर ठरलं. काकांच्या गाडीत काका, काकू, मी आणि मनवा. बाकी माणसं आणि झाडून सगळं थोडंसं रेवतीच्या मोठ्या गाडीत. रेवतीचा नवरा म्हणाला, "म्हणजे माझी शोभेची गाडी आता हमाल झाली."

जानेवारीत आम्ही निघालो. काका ताठ बसून, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बैलगाडीच्या बेतानं चालवत होते. शारजा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, काकांनी जरासा वेग घेतला आणि मागून गाडीला एक झोल बसला. मग दुसरा. ट्रेलर शेपूट हलवत होता. काकांनी ब्रेक दाबला नाही, नुसता ॲक्सिलेटर सोडला, ट्रेलरचा ब्रेक हातानं हळूच लावला आणि गाडी सावकाश पेट्रोल पंपात घेतली. चेहरा पांढरा पडला होता. "मागे वजन आहे," ते म्हणाले. "मी स्वतः रिकामा ठेवला होता मागचा कप्पा. कुणी टाकलं?" रेवतीची गाडी येऊन थांबली. मी आईची शपथ घेतली, रेवतीनं देवाची. काकांनी ट्रेलरचा मागचा कप्पा उघडला. आत दगडी खलबत्ता, बिडाचा मोठा तवा, बटाट्यांची गोणी, भाकरीचं पीठ आणि पोतंभर वांगी.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात पुढच्या खिडकीतून काकूंनी डोकं बाहेर काढलं. "ओरडू नका हो," त्या म्हणाल्या, "मीच बशीरकडून ठेवून घेतलं. इतक्या दिवसांनी चाललेय, मुलांना भरीत नको का करून घालायला? थोडंसंच आहे." मला वाटलं, आता काका फुटणार. काका तो खलबत्ता दोन्ही हातांत धरून उभे होते. "अकरा किलो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. मग त्यांनी स्वतः एकेक वस्तू उचलून ट्रेलरमध्ये पुढे, चाकांच्या वर नेऊन ठेवली. आम्हाला हात लावू दिला नाही. एक वांगंसुद्धा मागे सोडलं नाही.

काका-काकू आता नाशिकला असतात. काकांची निवृत्ती गेल्या वर्षी झाली. ट्रेलर रेवतीच्या नवऱ्यानं घेतला आणि पिकअप आमच्याकडे आला. मी ऑफिसला पिकअप घेऊन जाते तेव्हा बशीरभाई आता माझी काळजी करतात. एखादं नवीन कुटुंब बिल्डिंगमध्ये राहायला आलं आणि त्यांच्यात कुणी म्हातारं, आजारी असलं की आम्ही आधी त्यांना कुठली पायरी चढता येते ते बघतो आणि मग बेत ठरवतो. हे आम्हाला कुणी शिकवलं ते सांगायला नको. पण काकांची आठवण निघाली की मला त्या पहिल्या खेपेची रविवारची सकाळच दिसते.

उन्हं वर आली होती, आवराआवर झाली होती. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं होतं. काकांनी ट्रेलर पिकअपला जोडला, हुक दोनदा हलवून बघितला आणि "चला, यल्ला" म्हणून हाक दिली. सगळे उठले. काकू वाळूत टाकलेल्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. पायांवर ऊन घेत, कपातला चहा फुंकत त्या म्हणाल्या, "मी काही आज येत नाही."

"बरं नाही का वाटत?" काकांनी घाबरून विचारलं.

"छान वाटतंय," काकू म्हणाल्या. "म्हणून तर."

काका क्षणभर उभे राहिले. साऱ्या नोकरीत या माणसानं आयत्या वेळी रजा घेतलेली नव्हती. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मॅनेजरला लावला. काका नेहमी स्पीकरवरच बोलायचे, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मॅनेजर लेबनॉनचा, प्रेमळ माणूस. काकांनी उद्या येणार नाही म्हटल्यावर तो काळजीत पडला, "हबीबी, एव्हरीथिंग ओके? हॉस्पिटल?"

"नो, नो सर," काका म्हणाले, "माय वाइफ इज नॉट कमिंग होम."

तो बिचारा हळुवार आवाजात समजूत घालायला लागला, "डोन्ट वरी हबीबी. शी विल कम बॅक, इन्शाल्ला."

"नो सर, यू आर नॉट अंडरस्टँडिंग," काका ओरडून म्हणाले, आणि आता त्यांना हसू आवरत नव्हतं. "आय ॲम ऑल्सो नॉट कमिंग!"

फोन खिशात टाकून ते खाली वाकले आणि नुकताच लावलेला हुक सोडवायला लागले.